सुट्टे

अकरा वर्षं नाण्यांत हात घालतेय मी,
कात्रज ते शिवाजीनगर, शिवाजीनगर ते कात्रज.
संध्याकाळी डेपोत हिशेब दिल्यावर
बोटांना राहणारा तो आंबूस, लोखंडी वास
चिंचेनंही जात नाही.
आणि बोटांच्या बेचक्यांत, तळव्याच्या कडेनं
इसब.

आधी नुसती खाज. मग बारीक, पाण्यानं भरलेले फोड.
मग भेगा.
डिसेंबरात सकाळी साडेपाचच्या पहिल्या गाडीला
मूठ मिटवत नाही, मिटली तर उघडवत नाही.
तिकीट घेताना लोक वरचं टोक धरायचे,
एक बाई तर पदरानं.
त्यांचं तरी काय चुकलं?
लागट नाही हो, अशी पाटी
बिल्ल्याशेजारी थोडीच लावता येते.

सल्ले मात्र विनातिकीट.
कडुनिंब उकळा. वांगं सोडा.
वांगं सोडलंच आहे तर बटाटाही सोडून बघा.
स्वारगेटला चढणाऱ्या एका आजोबांनी
डबीभर काळं मलम दिलं,
ते लावून रात्रभर
बादलीत हात बुडवून बसले होते.
ड्रायव्हर लोंढे म्हणाले, मॅडम, ही आतली उष्णता.
त्यांच्या मते गिअरबॉक्सही तिनंच जातो.

ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे केले.
नाणी, म्हणाल्या, त्यातलं निकेल.
आणि धुता कशानं?
मी भांड्यांच्या साबणाचं नाव सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणून बोहरी आळी.
कॉस्टिक बांधून देताना दुकानदारानं विचारलं,
मोरी तुंबलीय?
नाही, म्हटलं, हात.

प्रणाली बारावी सायन्सला. तिनं वहीत गणित मांडलं,
खोबरेल किती, एरंडेल किती,
कॉस्टिक ग्रॅमनंही चुकायचं नाही.
शेजारच्या सोनाराचा जुना काटा मागून आणला.
गॅलरीत, खिडक्या उघड्या, चष्मे, रबरी हातमोजे.
आई, पाण्यात कॉस्टिक घालायचं.
कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. मागे हो.
तिचा आवाज अगदी माझ्यासारखा लागला,
पुढे सरका, पुढे सरका म्हणतानाचा.

पहिला घाणा मी नासवला. आठव्याच दिवशी वापरला,
हात मिरचीत घातल्यासारखे.
साबणालाही पिकावं लागतं, सहा आठवडे,
हे मला कुठं ठाऊक?
आमच्याकडे तीन मिनिटं उशीर म्हणजे शेरा.

दुसरा श्रीखंडाच्या डब्यांत ओतला,
गोधडीत गुंडाळला, वड्या पाडल्या,
माळ्यावर रद्दीवर मांडून
रोज रात्री एकेकीची कूस बदलली.
ना रंग, ना वास. जुन्या मेणासारख्या.
हात धुतले की ओल्यावरच खोबरेल,
वर डॉक्टरांचं मलम, झोपताना हातांत सुती मोजे.
नवरा म्हणाला, कुणाच्या घरी पडायचंय दरोडा?
हसताना पहिल्यांदा लक्षात आलं,
आठवडाभर मी झोपेत ओरबाडलेलं नाही.

मार्चपर्यंत भेगा मिटल्या.
साबणानं?
की त्याच दिवसांत गाडीत क्यूआर लागला,
नाणी निम्म्यावर आली, त्यानं?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा, परत येतं हे.
आलं. जूनमध्ये, करंगळीपाशी, थोडंसं.

आता लोक मोबाईल दाखवतात, मी मान हलवते.
दिवसभरात हाताला हात लागत नाही.
याचसाठी तर किती नवस बोलले होते
आणि आता ते कसंसंच वाटतं.

काल पद्मावतीला एक बाई चढली,
पिशवीत घासणी, मुठीत दहाचं नाणं.
बोटं थेट माझ्या गेल्या वर्षीच्या बोटांसारखी.
नाणं वरच्यावर सोडायला बघत होती, न शिवता.
मी तळवा पुढे केला, तिथंच ठेवला.
गाडी सिग्नलला थांबली होती, घाई नव्हती.
तिनं ठेवलं.
उद्या याच गाडीला असाल? मी विचारलं.
का, सुट्टे राहिलेत माझे?
हो, म्हटलं.

घरी येऊन मोरीत बघितलं,
जुनी वडी झिजून नखाएवढी झालीय.
ती ओली करून नव्या वडीवर दाबून चिकटवली.
दोन दिवस वेगळी दिसते.
मग शोधूनही सापडत नाही.